मैनेची दुपारची खेप

लतीफचाचा, त्या दिवशी दुपारची खेप आलीच नव्हती.

सत्तावीस वर्षांत हे वाक्य मी कुणापुढं बोललो नाही. बायकोपुढं नाही, आईच्या शेवटच्या आजारात तिच्या उशाशी बसून होतो तेव्हाही नाही. तुमच्यापुढं तर नाहीच. सांगावं असे दिवस कमी आले असं नाही. तोंडाशी यायचं आणि मी चहा सांगायचो. "दोन कट, एकात साखर कमी." साखर कमी तुमच्या कपात. एवढं मी तुमच्याबद्दल बरोबर सांगत आलो.

तुम्हाला मिट्टी देऊन आज बारा दिवस झाले. चौकातली पोरं तुमच्यावर एक छोटं पुस्तक काढतायत. परवा घरी आली होती. "बबनकाका, पहिला लेख तुमचा. चाचांना तुमच्याइतकं जवळचं कोण होतं?" मी हो म्हणालो. त्यांना वाटतं, मी मैनेच्या गमती लिहीन, तुमच्या दखनी बोलण्याच्या नकला लिहीन. त्या मला येतात. पण त्याच्या आधी हे लिहायला पाहिजे.

पुस्तक शहरातही जाईल म्हणतात, तिथल्या माणसाला आपलं गाव माहीत नसणार. वैजापूरला जाणारी एसटी लासूर स्टेशन सोडून पुढं आली की आपला फाटा लागतो. फाट्यावरच्या चौकात सिमेंटचा पाणघोडा आहे, तोंड उघडं, चार सुळे बाहेर. कंडक्टर थांब्याचं नाव घेत नाही, "मैना, मैना" म्हणतो आणि लोक उतरतात. बाजूच्या माणसानं विचारलं तर गावातलं कुणीही सांगेल: इथं सर्कस आली होती, दुष्काळात तिचा मैना नावाचा पाणघोडा तहानेनं मेला, गावातल्या बायकांनी स्वतःच्या प्यायच्या घागरी त्याच्या अंगावर ओतल्या, तरी वाचला नाही. त्या मायेची ही खूण. कशानं मेला, असं विचारलं तर जरा आवाज खाली करून सांगतात, "राखणदाराची चूक. हौदाचा बोळा उघडा राहिला. टँकरची सगळी खेप वाहून गेली."

राखणदार तुम्ही. टँकरवाला मी.

मी तेव्हा पंचविशीत होतो, मामाचा टँकर चालवायचो. बाजारतळावर सर्कशीचा तंबू पडला तसा मैनेचा हौदही खणला गेला. हौद कसला, खड्डा. कंबरभर खोल, आत ताडपत्री, एका कोपऱ्यात घाण पाणी काढायला मोरी, आणि मोरीला गोणपाटाचा बोळा. तुम्ही रोज अकरा वाजता बोळा काढायचे, जुनं पाणी चरातून सोडून द्यायचे, तळ खराट्यानं झाडायचे, बोळा परत ठासून वरून चिखल लिंपायचे. बाराला माझी खेप. तेवढा तास मैना कोरड्या खड्ड्यात उभी राहायची आणि तुम्ही तिच्या पाठीवर ओली पोती टाकून यार्डात पळायचे, बाजार उठल्यावर राहिलेली पत्तागोबी आणायला. परत येईपर्यंत हौद भरलेला असायचा. तुमचा माझ्यावर तेवढा भरवसा होता, आणि तो दहा दिवसांत बसला होता.

खेपेच्या कागदावर सही लागायची. पाणी पोचलं, म्हणून घेणाऱ्याची सही. पण कुठलाच टँकरवाला खेप टाकल्यावर सही शोधत हिंडत नसायचा. वाड्यावस्त्यांवरही सकाळीच अंगठे घेऊन ठेवायचे, दिवसभराचे. तुमची सही मी सकाळी चहाच्या वेळी घ्यायचो. तुम्ही विचारायचे, "कित्ते की?" मी म्हणायचो, "एकच, चाचा, दुपारची." तुम्ही उर्दूत लिहायचे, शेवटचं अक्षर लांबवर ओढून. "बिना देखे सही करा तो बाप का भी भरोसा नै करना," असं म्हणायचे आणि बिनापाहता सही करायचे.

त्या दिवशी माझ्या बहिणीची हळद होती, दुसऱ्या दिवशी लग्न. घरचे पिंप सकाळीच तळाला गेले. वऱ्हाडाच्या दोन गाड्या ठरल्यापेक्षा लवकर आलेल्या. मी शिवनेच्या काठच्या विहिरीवरून मैनेची खेप भरून निघालो होतो, आणि रस्त्यात मामा उभा होता. "आधी घरी रिकामी कर. तिकडं संध्याकाळी टाकू." मी म्हणालो, सर्कसवाला वाट बघत असंल. मामा म्हणाला, "जनावरच हाय ना? आपल्या दारी पाव्हणे हायेत."

मी मामाचं नाव पुढं करत नाही. गाडीचं चाक माझ्या हातात होतं. मी ते घराकडं वळवलं.

आईनं पिंपात पाइप सोडताना विचारलं, "ही कुठली खेप रे?" मी म्हणालो, "आपलीच."

तासाभरात दुसरी भरून नेऊ, असं मी धरून चाललो होतो. विहिरीवर गेलो तर लाइट गेलेली. मोटार बंद. थोडा वेळ बसलो, मग घरी येऊन मांडवात पंगत वाढली. वाढताना एकदा डोक्यात आलं की मैना कोरडी असंल. मनात म्हणालो, एक दिवस निघंल. त्या उन्हात आपल्या घरातल्या बैलाबद्दल मी असं म्हणालो नसतो.

लाइट साडेपाचला आली. मी सहाला बाजारतळावर पोचलो तर सगळं गाव तिथं. तुम्ही खड्ड्यात होता, मैनेचं डोकं मांडीवर घ्यायचा प्रयत्न करत. ते कुठं मांडीवर मावणार. बायकांची रांग लागलेली, नळाला आठ दिवसांआड पाणी येणाऱ्या गावातल्या बायका, हंडा, कळशी, जे घरात होतं ते घेऊन. पाणी तिच्या अंगावर पडत होतं आणि वाफ झाल्यासारखं वाळत होतं. तिची कातडी फाटली होती, चाचा. मला ते अजून दिसतं. तुम्ही मला पाहिलं आणि नुसतं म्हणाले, "बब्बन, किधर था रे?"

मी गाडीतून खाली उतरलो. पाइप ओढत हौदाच्या कडेला आलो. आणि वाकलो तेव्हा मी मोरी पाहिली. बायका पाणी ओतत होत्या ते दुसऱ्या टोकाला, मोरीचा कोपरा कोरडा होता. बोळा जागच्या जागी होता. वरचा चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. दिवसभराच्या उन्हाशिवाय तशा भेगा पडत नाहीत. तुम्ही अकराला तो ठासला होता, रोजच्यासारखा, तळहातानं लिंपून. तुमच्या बोटांचे वळ त्या चिखलात होते.

मी पाइप सोडला. पाणी वर आलं आणि ते सगळं बुडालं.

मैना अंधार पडायच्या आत गेली. सर्कशीचा मॅनेजर माझ्यापुढं येऊन उभा राहिला. "दुपारची खेप?" तुम्ही मागून ओरडत होता, "आयीच नै साब, मैं गोबी लेको आया तो हौद सूखा पड़ा था." मी खिशातून कागद काढला. त्या वेळी माझ्या डोक्यात मैना नव्हती, तुम्हीही नव्हता. उद्याचं लग्न होतं. मुकं जनावर मारून त्याच्या पाण्यावर हळद लागली, असं एकदा पाव्हण्यांच्या कानावर गेलं असतं तर बहीण मांडवात उभी राहिली असती आणि वरात माघारी गेली असती. निदान मला तसं वाटलं.

मी म्हणालो, "टाकली की. सही हाय."

एवढंच बोललो. बोळ्याचं मी बोललो नाही, ते मॅनेजर बोलला. "मतलब पाणी आलं होतं, वाहून गेलं. बोळा उघडा ठेवून गेला हा भाजी आणायला, आल्यावर ठासला." चराचा तळ ओला होता, तुम्हीच रोज सकाळी सोडलेल्या पाण्यानं. लोकांनी चराकडं पाहिलं, मग तुमच्याकडं. त्यानं सगळ्यांसमोर तुमच्या थोबाडीत मारली. तुम्ही त्याच्याकडं पाहिलंच नाही. तुम्ही कागदाकडं पाहत होता, स्वतःच्या सहीकडं.

सर्कस चौथ्या दिवशी गेली. तुम्ही राहिलात. यार्डातल्या हमालांनी विचारलं, बिदरला जाणार का घरी. तुम्ही म्हणाले, "मैना इधरिच है, मैं किधर कू जाऊँ?" पहिलं वर्षभर भेटेल त्याला सांगत होता की खेप आली नव्हती. लोक ऐकून घ्यायचे आणि तुम्ही वळलात की मान हलवायचे. मग तुम्ही सांगायचं थांबलात. मला वाटलं, दमलात. बरं वाटलं मला, हेही लिहून ठेवतो.

तुम्हाला कांद्याच्या चाळीत काम मी लावून दिलं. खोली मी बघून दिली. रमजानमध्ये खजूर, थंडीत घोंगडी, चष्म्याचा नंबर वाढला तेव्हा शहरात घेऊन जाणं. लोक म्हणायचे, रक्ताचा नसून करतो. तुम्ही तर सगळ्यांना सांगायचे, "ये बब्बन नै रहता तो मैं मर जाता." मी त्यावर हसायचो. कसा हसायचो, आता आठवत नाही.

मग पुतळा ठरला. बायकांनी पाणी घातलं त्याची गावाला आठवण राहावी, असं म्हणून. मी कमिटीत होतो. गणपती करणारा मूर्तिकार बोलावला. त्यानं आयुष्यात पाणघोडा पाहिला नव्हता. तुम्ही रोज खाली उभे राहून त्याचं डोकं खायचे.

"ये किसका कान लगाया उस्ताद? गधे का?"

"चाचा, लांबून दिसायला पाहिजेत."

"दूर से उसका कान कायकू दिखना? मैना मूँ से दिखती थी."

"आणि पोट?"

"पोट बरोबर है. पोट तुमकू जमता, गनपती का हाथ है ना."

अख्खी मंडळी हसली होती. त्यानं कान तासून पापडीएवढे केले. तुम्ही दोन दिवस त्या तोंडासाठी भांडलात. "आ कर मैना" म्हटल्यावर ती जबडा उघडायची आणि तुम्ही अख्खी पत्तागोबी आत ठेवायचे, ते तोंड हवं होतं तुम्हाला. ते तुम्हाला मिळालं. पुढं पोरं त्यात वेफरची पाकिटं टाकायला लागली, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स सुळ्यांना बांधायला लागली, आणि तुम्ही रोज सकाळी हात घालून ते तोंड साफ करत राहिलात.

खालच्या दगडावर लिहिलंय: स्वतः तहानलेलं राहून मुक्या जिवाला पाणी देणाऱ्या गावाच्या मायेची खूण. त्याच्याखाली मदत करणाऱ्यांची नावं. त्यात माझं आहे, 'टँकरचालक' म्हणून. दोन खेपा आणणारा. मी कमिटीत म्हणू शकलो असतो की माझं नको. चाळीस नावांत एक, कोण वाचतंय, असं म्हणून गप्प बसलो. तुम्ही वाचून घेतलं ते कुणाकडून तरी. आणि मला येऊन म्हणाले, "अच्छा हुआ, तेरा नाम डाले." तुमचं नाव कुठं आहे, असं तुम्ही विचारलं नाही.

आपलं एकच भांडण मिटलं नाही. पुतळ्याभोवती गोल हौद बांधला, कारंज्यासाठी. कारंजं उद्घाटनाला उडालं, परत कधी नाही. हौदाला पाणी काढायची मोरी ठेवली तेव्हा तुम्ही गवंड्याचा हात धरला. "यहाँ बोळा नक्को. लोखंड का वॉल लगाव." मी म्हणालो, चाचा, हौद कोरडाच राहणार आहे. तुम्ही ऐकलं नाही. वॉल बसला, मूठ पिळून बंद होणारा. त्यानंतर पंचवीस वर्षं, रोज, तुम्ही त्या कोरड्या हौदात उतरून, वाकून, वॉल पिळून बघायचे. बंद आहे ना. उन्हाळ्यात बाराच्या सुमाराला तुमच्या वाट्याच्या पाण्यातली एक बादली मैनेच्या पाठीवर ओतायचे, मग वॉल बघायचे. मी चिडायचो. "सिमेंटला कशाला पाणी घालता? स्वतःला प्यायला ठेवा." तुम्ही म्हणायचे, "तू तेरा काम कर." मला वाटायचं, हे मैनेवरचं प्रेम. मी समजायचंच नाही असं ठरवलं होतं म्हणून मला तसं वाटायचं. ज्या माणसाला पक्कं माहीत आहे की त्यानं बोळा बसवला होता, तो रोज वॉल कशाला पिळेल?

ते मला दवाखान्यात कळलं. या मागच्या महिन्यात. शहराचं नाव तुमच्या तोंडी शेवटपर्यंत औरंगाबादच होतं, सिस्टरनं छत्रपती संभाजीनगर म्हटलं की तुम्ही म्हणायचे, "हौ, वहीच." छातीत पाणी झालं होतं तुमच्या. डॉक्टर पाणी मोजून द्यायला सांगायचे आणि तुम्ही माझ्याकडं ग्लास मागायचे. तिसऱ्या दिवशी तुम्ही माझं मनगट धरलं.

"बब्बन, एक बात बोलनी थी."

मला वाटलं, आता विचारणार. मी तयार होतो, चाचा. खरंच सांगतो, त्या मिनिटाला मी सांगितलं असतं.

तुम्ही म्हणाले, "मेरेकू अब याद आ गया. बोळा मैं बसायाच नै था. गोबी की जल्दी में था. मैंने सबकू झूट बोला, खेप नै आयी बोलके. तेरेकू भी झूटा ठैराया. तू उत्ती धूप में पानी लाया और मैंने गटर में छोड़ दिया."

तुम्ही मनगट सोडलं नाही.

"माफ कर दे रे. तेरी खेप बेकार गयी मेरे वजह से."

शेजारच्या खाटेपाशी बसलेली बाई आपल्याकडं बघत होती. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि माझा हात तुमच्या हातात. वाळल्या चिखलावरचे तुमच्या बोटांचे वळ मला माहीत होते, जगात मला एकट्यालाच. सांगायला तीन शब्द पुरे होते. मग तुम्ही विचारलं असतं, का. मग सत्तावीस वर्षांचा चहा, खजूर, घोंगडी, सगळं तुम्हाला दिसलं असतं, ते काय होतं ते. तुम्ही माझ्याकडं कसं पाहाल, याची मला भीती वाटली. मरणाऱ्या माणसाची मला भीती वाटली.

मी म्हणालो, "माफ केलं, चाचा."

तुम्ही डोळे मिटले. "शुक्र है," म्हणाले. तुम्हाला त्यानं बरं वाटलं, हे मी पाहिलं. त्याच्यामुळं माझं ओझं हलकं होत नाही. मैनेला मी उन्हात मारलं ते एका दुपारी, विचार न करता. तुमच्याकडून तुमचं खरं काढून घ्यायला मला सत्तावीस वर्षं लागली, आणि शेवटी त्याची माफीही मी तुम्हालाच मागायला लावली, आणि दिलीही.

पाच दिवसांनी तुम्ही गेलात. तुमच्या गुसलला, शेवटच्या अंघोळीला, पाणी लागलं, नळाचा दिवस नव्हता. मी टँकर बोलवायला फोन काढला तर मशिदीतून निरोप आला, "इथल्या बोअरचं आणलंय, तुम्ही त्रास घेऊ नका." तीही खेप माझ्या वाट्याला आली नाही. नमाजच्या आधी मौलानांनी विचारलं, मरहूमकडं कुणाचं काही येणं असेल तर सांगा, नाहीतर माफ करा. मागून हमाल म्हणाले, "नै, कुछ नै. उल्टा हमकूच देके गये." मरहूमचं कुणाकडं काही येणं आहे का, असं विचारायची रीत नाही. विचारलं असतं तर मी बोललो असतो का, याची मला खात्री नाही.

माती झाल्यावर कबरीवर पाणी शिंपडायचं होतं. लोटा माझ्या हातात दिला. सगळ्यात जवळचा म्हणून. मी डोक्यापासून पायांपर्यंत शिंपडत गेलो, तसं सांगितलं होतं. माती लगेच पाणी पीत होती.

परवा बाराला मी चौकात गेलो होतो. मैनेच्या तोंडात कुणीतरी पेपर कप कोंबले होते. ते काढले. मग हौदात उतरलो, वॉल पाहिला. बंद होता. तुमच्या हातानं पिळून पिळून त्याची मूठ गुळगुळीत झालीय.

खेपेचा तो कागद माझ्याकडं आहे, बहिणीच्या लग्नपत्रिकेच्या पाकिटात. पोरांना देणार आहे, हा लेख छापतील त्याच्या शेजारी छापायला. बहिणीला काल सांगितलं. तिनं फोन ठेवला, अजून उचलत नाही. दगडावरचं माझं नाव काढा, असं पत्र ग्रामपंचायतीला दिलंय. त्या जागी कुणाचं घालायचं तेही लिहिलंय.

यानं तुमचं काही फिटत नाही. बोळा तुम्ही बसवला होता, हे तुम्हाला तुमच्या जिवंतपणी सांगायचं माझ्याकडून राहिलं. आणि दुपारी बाराची पाण्याची एक खेप. या दोन गोष्टी मी तुमचं देणं लागतो.